ओट्यावरची साक्ष

इशाच्या नमाजनंतर मशिदीच्या ओट्यावर, लग्नघरी पंगती उठल्यावर किंवा चहाच्या हॉटेलात आपल्या समाजातील चार माणसे एकत्र आली, की बोलणे फार वेळ घरगुती राहत नाही. कुणाच्या तरी हातातील मोबाईलवर एखादी चित्रफीत येते, दूरच्या एखाद्या राष्ट्राध्यक्षाचे नाव निघते आणि ज्यांनी तो देश नकाशाखेरीज कोठे पाहिलेला नाही, तेही निकाल देऊ लागतात. अमका उम्मतचा सिंह, तमका परक्यांचा हस्तक. अर्ध्या तासात जगाचा न्याय होतो, चहाचे पैसे चुकते होतात आणि मंडळी आपापल्या घरी जातात.

या गप्पांचे नैतिक मोल काय? ज्या माणसाच्या हाती सत्ता नाही, सैन्य नाही, त्या देशात मतही नाही, त्याच्या तोंडून निघालेल्या शब्दाला काही वजन असते का? की तो नुसता वेळ घालवण्याचा प्रकार आहे आणि त्याचा हिशेब कोणी मागणार नाही?

आपल्यातील काही वडीलधारी मंडळी यावर सरळ उत्तर देतात : गप्प बसा. जे आपल्याशी संबंधित नाही ते सोडून देणे हे माणसाच्या इस्लामचे सौंदर्य आहे, अशा आशयाची प्रेषित मुहम्मद (स.) यांची हदीस तिरमिजीच्या संग्रहात आहे, आणि ही मंडळी तिचाच आधार घेतात. सल्ला आदरणीय आहे, पण मला तो अपुरा वाटतो. श्रद्धावंतांचा समुदाय एका देहासारखा असून एक अवयव दुखला की सारा देह ज्वराने तळमळतो, असे सांगणारी हदीसही आपल्याच संग्रहांत आहे. दूरच्या माणसाचे दुःख आपल्याशी संबंधित आहे, हे तिने आधीच ठरवून टाकले आहे. तेव्हा प्रश्न बोलावे की बोलू नये हा उरत नाही. बोलताना आपण कोणत्या नात्याने बोलतो, हा उरतो.

पवित्र कुरआनने ते नाते सांगितले आहे, आणि ते साक्षीदाराचे आहे. सूरह निसाच्या 135 व्या आयतीत न्यायावर ठाम राहून अल्लाहसाठी साक्ष देण्याचा आदेश आहे, मग ती स्वतःच्या, आईवडिलांच्या किंवा नातलगांच्या विरुद्ध का जाईना. सूरह माइदाची 8 वी आयत बजावते की, एखाद्या समूहाच्या वैराने तुम्हाला अन्यायाकडे ढकलू नये. पहिल्या आयतीत प्रेमाची परीक्षा आहे, दुसरीत द्वेषाची. आपल्या बैठकीत मात्र बहुधा दुसरीच आयत ऐकू येते, आणि तीही इतरांना सुनावण्यासाठी.

साक्षीदार आणि समर्थक यांतील फरक ओळखण्याची एक सोपी खूण मराठीनेच आपल्याला दिली आहे. आपल्या आवडत्या नेत्याविषयी आपण ‘ते म्हणाले’ असे बोलतो आणि नावडत्याविषयी ‘तो म्हणाला’. एकाच वाक्यात एकाला आदरार्थी बहुवचन आणि दुसऱ्याला एकवचन! पुरावा मांडण्यापूर्वीच व्याकरणाने निकाल देऊन टाकलेला असतो. निदान या लेखापुरते तरी आजच्या काळातील सर्व नेत्यांना एकच रूप वापरायचे मी ठरवले आहे. मोह मात्र दोन्ही बाजूंनी होतो, हे वाचकांना पुढे जाणवेलच.

उदाहरण म्हणून आजचा एखादा नेता घेतला, तर वाचक दुसऱ्या परिच्छेदातच बाजू निवडतील. म्हणून ज्यांना जाऊन बराच काळ लोटला, ज्यांची कागदपत्रे उघडी झाली, पण ज्यांचे नाव निघताच आपल्या ओट्यावर अजूनही आवाज चढतो, अशा एका नेत्याकडे पाहू : इराकचे सद्दाम हुसैन.

1990 आणि 1991 या वर्षांत त्यांची रंगीत छायाचित्रे आपल्या वस्त्यांत विकली जात होती. रिक्षांच्या मागे, पानाच्या टपरीवर, क्वचित घराच्या भिंतीवरही ती दिसत. त्या काळात जन्मलेल्या कित्येक मुलांची नावे सद्दाम ठेवली गेली; ती मुले आज तिशी ओलांडून गेली आहेत. एवढे प्रेम कशामुळे? महासत्तेपुढे ते वाकले नाहीत म्हणून. जानेवारी 1991 मध्ये युद्धाच्या तोंडावर त्यांनी इराकच्या राष्ट्रध्वजावर ‘अल्लाहु अकबर’ हे शब्द घातले, आणि युद्ध सुरू झाल्यावर इस्रायलवर क्षेपणास्त्रे सोडली. पॅलेस्टिनी जनतेचे दुःख ज्यांच्या मनात खोल रुतलेले होते, त्यांना तेवढे पुरेसे वाटले. ही भावना खोटी नव्हती. अपमानित माणसाला कुणीतरी ताठ उभे राहिलेले पाहायचे असते.

पण त्याच वेळी कोकणात काय चालले होते? 2 ऑगस्ट 1990 रोजी इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरले, तेव्हा रत्नागिरी आणि रायगडच्या कितीतरी मुस्लिम घरांतील कर्ते पुरुष कुवेतमध्येच होते. एका दिवसात दिनार मातीमोल झाले, बँका बंद, पगार बुडाले, वर्षानुवर्षांची शिल्लक गेली. वाळवंट ओलांडून बसने जॉर्डनमधील अम्मानला पोहोचायचे आणि तंबूत पाळी येण्याची वाट पाहायची, असा हजारोंचा प्रवास झाला. एअर इंडियाने सुमारे दोन महिन्यांत पाचशेच्या आसपास उड्डाणे करून तेथून सुमारे एक लाख सत्तर हजार भारतीयांना परत आणले. ते आणण्यासाठी परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल यांना बगदादला जाऊन सद्दाम हुसैन यांना भेटावे लागले आणि त्या भेटीतील आलिंगनाचे छायाचित्र पुढे कितीतरी वर्षे त्यांच्यावरील टीकेचा विषय ठरले. म्हणजे एकाच मोहल्ल्यात एका घरी कुवेतहून रिकाम्या हाताने परतलेला बाप बसलेला आणि चार घरे पलीकडे त्याला उद्ध्वस्त करणाऱ्या राज्यकर्त्याची तसबीर, असे त्या वर्षी घडू शकत होते. त्या बापाची साक्ष ओट्यावर कोणी विचारली असेल का? विचारली असती, तरी ती ऐकून घेण्याइतकी शांतता तेथे असती का?

आणि कुवेत हा या कहाणीतील सर्वांत मोठा अन्याय नव्हे. 16 मार्च 1988 रोजी इराकच्या उत्तरेकडील हलब्जा या कुर्द गावावर इराकी विमानांनी विषारी वायूचे बॉम्ब टाकले. सुमारे पाच हजार माणसे मेली. त्यांत बहुसंख्य सामान्य नागरिक होते. बायका आणि मुले घराच्या उंबऱ्यावर पडली, ती तशीच राहिली. त्याच वर्षी कुर्द खेड्यांविरुद्ध एक लष्करी मोहीम राबवण्यात आली. हजारो गावे जमीनदोस्त झाली, पुरुषांना ट्रकांत भरून दक्षिणेकडील वाळवंटात नेले आणि खड्ड्यांच्या काठावर गोळ्या घातल्या. ‘ह्यूमन राइट्स वॉच’ या संस्थेच्या तपासानुसार पन्नास हजार ते एक लाख माणसे मारली गेली. कुर्दांचा स्वतःचा आकडा याहून बराच मोठा आहे. या मोहिमेला नाव दिले होते ‘अन्फाल’.

या नावापाशी थांबायला हवे. अन्फाल ही पवित्र कुरआनची आठवी सूरह आहे. बद्रच्या लढाईच्या पार्श्वभूमीवर ती अवतरली आणि युद्धात हाती आलेल्या संपत्तीच्या प्रश्नापासून तिचा आरंभ होतो. कलमा वाचणाऱ्या, नमाज अदा करणाऱ्या खेडुतांना संपवण्याच्या सरकारी मोहिमेला अल्लाहच्या ग्रंथातील नाव देण्यात आले. ध्वजावरील ‘अल्लाहु अकबर’ पाहून ज्यांचे डोळे भरून आले, त्यांना तीन वर्षांपूर्वीच्या या नावाची बातमी बहुधा नव्हती. ज्यांना होती, त्यांच्यातील पुष्कळजण गप्प राहिले. कारण कुर्दांच्या मृत्यूवर बोलले, तर शत्रूच्या हाती कोलीत दिल्यासारखे होईल, असे त्यांना वाटत होते.

येथे युक्तिवादाची ती परिचित वळणे सुरू होतात. हलब्जाचे नाव काढले की समोरचा म्हणतो, ‘पण अमेरिकेने काय केले?’ आणि हा प्रश्न पोकळ नाही. इराण-इराक युद्धाच्या काळात अमेरिका इराकच्या पाठीशी होती. डिसेंबर 1983 मध्ये तिचे विशेष दूत डोनाल्ड रम्सफेल्ड बगदादला जाऊन सद्दाम हुसैन यांच्याशी हस्तांदोलन करून आले होते. हलब्जा घडले तेव्हा पाश्चात्त्य राजधान्यांना जेवढा राग आला, त्याहून कितीतरी अधिक तो पंधरा वर्षांनंतर, आक्रमणाची सबब शोधताना आला. 5 फेब्रुवारी 2003 रोजी कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत इराकच्या महासंहारक शस्त्रांविषयी जे सांगितले, त्यावर विसंबून एक देश उद्ध्वस्त करण्यात आला. शस्त्रांचे ते साठे सापडले नाहीत. जॉर्ज बुश यांनी त्या युद्धाचा निर्णय घेतला आणि लाखोंच्या जीवनाची धूळधाण झाली. हे सारे खरे आहे, आणि ते मोठ्याने सांगितलेच पाहिजे.

मात्र ते हलब्जाचे उत्तर होऊ शकत नाही. एका खुनाच्या खटल्यात दुसऱ्या खुनाचा पुरावा आणला, म्हणजे पहिला आरोपी निर्दोष सुटत नाही. फार तर आरोपींच्या पिंजऱ्यात गर्दी होते. आपल्या बैठकीत मात्र एका प्रेताने दुसरे प्रेत झाकले जाते. सद्दाम हुसैन यांचा समर्थक बगदादवरील बॉम्बहल्ल्यांनी हलब्जा झाकतो; त्यांचा विरोधक हलब्जाने बगदादवरील बॉम्बहल्ले झाकतो. मेलेल्यांच्या वतीने दोघेही बोलत असतात, आणि मेलेल्यांपैकी निम्म्यांना दोघेही वगळत असतात.

आपल्या भावाला मदत करा, तो अत्याचारी असो वा अत्याचारग्रस्त, ही हदीस बुखारीत आहे. सहाबांनी आश्चर्याने विचारले की, अत्याचारग्रस्ताला मदत करणे समजले, पण अत्याचारी भावाला कशी करावी? त्याला अत्याचारापासून रोखणे हीच त्याची मदत, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. इस्लामपूर्व अरबस्तानात आपल्या टोळीच्या माणसाची बाजू घेणे हाच धर्म होता, त्या जुन्याच वाक्याला प्रेषितांनी (स.) असा अर्थ दिला की टोळीनिष्ठेचे मूळच उखडले गेले. ओट्यावर बसून बगदादच्या राज्यकर्त्याचा हात कोणी धरू शकत नव्हता, हे मान्य. परंतु टाळ्या वाजवणारा हात तरी आवरता आला असता.

आकड्यांविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे. 1990 पासून इराकवर आर्थिक निर्बंध होते. औषधे, पाणी शुद्ध करण्याची साधने, अन्न या सर्वांचा तुटवडा पडला. संयुक्त राष्ट्रांचे बगदादमधील मानवतावादी समन्वयक डेनिस हॅलिडे यांनी 1998 मध्ये या धोरणाच्या निषेधार्थ राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेले हान्स फॉन श्पोनेक यांनीही 2000 मध्ये तेच केले. 1996 मध्ये अमेरिकेच्या तत्कालीन राजदूत मॅडलिन ऑलब्राइट यांना एका मुलाखतीत विचारले गेले की, निर्बंधांमुळे पाच लाख मुले दगावल्याचे म्हटले जाते, ही किंमत मोजण्याजोगी आहे काय? त्यांनी होकारार्थी उत्तर दिले. पुढे त्या उत्तराबद्दल त्यांनी खेद व्यक्त केला, पण ते उत्तर जगाच्या स्मरणात राहिले, आणि राहायलाच हवे.

मात्र तो पाच लाखांचा आकडा टिकला नाही. पुढे 1999 च्या ज्या सर्वेक्षणाचा त्याला आधार देण्यात आला, त्यातील माहितीत तत्कालीन इराकी सरकारने फेरफार केला होता आणि 2003 नंतरच्या सर्वेक्षणांत बालमृत्यूंतील तेवढी वाढ दिसत नाही, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक आहे? ठाऊक झाल्यावर किती जण तो आकडा सांगणे सोडतील? सूरह हुजुरातच्या 6 व्या आयतीत बातमीची शहानिशा करण्याचा आदेश आहे, आणि ऐकलेली प्रत्येक गोष्ट पुढे सांगणे एवढेच माणसाला खोटे ठरवायला पुरेसे आहे, अशी हदीस मुस्लिमच्या संग्रहात आहे. शत्रूच्या बातमीची शहानिशा कोणीही करतो. आपल्या बाजूला बळ देणाऱ्या बातमीची करणे हे अवघड काम आहे. निर्बंध क्रूर होते, हे सांगायला फुगवलेल्या आकड्याची गरज नव्हती. उलट खोटा आकडा उघडा पडला, की त्याच्यासोबत खऱ्या मुलांचे मरणही संशयात जाते.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग सद्दाम हुसैन यांना मनसोक्त शिव्या द्याव्यात काय? या प्रश्नाचे उत्तर आपल्या पूर्वसूरींनी त्याच इराकच्या भूमीत शोधले होते. हज्जाज बिन यूसुफ हा उमय्या राजवटीचा तेथील सुभेदार होता. त्याने मक्केला वेढा घातला, ह. अब्दुल्लाह बिन जुबैर (रजि.) यांना शहीद केले आणि सईद बिन जुबैर (रह.) यांच्यासारख्या विद्वानाचा वध केला. त्याच्या क्रौर्याविषयी मुस्लिम इतिहासकारांत मतभेद नाही. इमाम गजाली (रह.) यांनी ‘इह्या उलूमिद्दीन’मध्ये एक प्रसंग नोंदवला आहे. बसऱ्याचे इमाम इब्न सीरीन (रह.) यांच्यापुढे कोणी हज्जाजची निंदा करू लागला. इमामांनी त्याला आठवण करून दिली की, अल्लाह न्यायी आहे. हज्जाजने ज्यांच्यावर अत्याचार केले त्यांच्यासाठी तो हज्जाजला पकडेल, आणि जे हज्जाजची गीबत करतात त्यांनाही तो हज्जाजसाठी पकडेल.

हे वाचून प्रथम मन थोडे बंड करून उठते. हज्जाजलाही हक्क? पण इमाम त्याच्या गुन्ह्यावर पांघरूण घालत नव्हते. गुन्ह्याचा हिशेब वेगळा आणि निंदकाच्या जिभेचा हिशेब वेगळा, एवढेच ते सांगत होते. अत्याचारी माणूस अत्याचारी आहे म्हणून त्याच्याविषयी खोटे बोलण्याचा, त्याच्या आईबहिणीचा उद्धार करण्याचा किंवा त्याच्या अंतिम ठिकाणाचा निकाल लावण्याचा परवाना आपल्याला मिळत नाही. यजीदचे नाव घेऊन त्याला शाप द्यावा की नाही, या प्रश्नावरही गजालींनी (रह.) संयमाची बाजू घेतली, इब्न जौजी (रह.) यांनी नेमकी उलटी बाजू मांडणारा ग्रंथ लिहिला. दोघेही ह. हुसैन (रजि.) यांच्यावर प्रेम करणारे होते. मतभेद कृत्याच्या न्यायनिवाड्याचा नव्हता. आपल्या तोंडाला काय शोभते, याचा होता.

आणि तरीही इब्न सीरीन (रह.) यांचा हा प्रसंग गप्प बसण्याचे निमित्त होऊ नये, म्हणून त्याच हज्जाजचा दुसरा प्रसंग. मुलाच्या शहादतीनंतर हज्जाज स्वतः ह. अस्मा (रजि.) यांच्याकडे गेला आणि आपण काय केले ते त्यांना ऐकवले. वय झालेल्या त्या मातेने त्याच्या तोंडावर सांगितले की, त्याने मुलाचा इहलोक बिघडवला आणि मुलाने त्याचा परलोक, शिवाय सकीफ कबिल्यातून एक लबाड आणि एक विध्वंसक निघेल, असे प्रेषितांनी (स.) सांगितले होते, तो विध्वंसक हज्जाजच होय. मुस्लिमच्या संग्रहातील या वृत्तान्तानुसार हज्जाज उत्तर न देता उठून गेला. सूरह निसाची 148 वी आयत वाईट गोष्टीचा उघड उच्चार अल्लाहला अप्रिय असल्याचे सांगते आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याला अपवाद करते. ह. अस्मा (रजि.) अन्यायग्रस्त होत्या, समोरासमोर बोलत होत्या आणि जाणीवपूर्वक बोलत होत्या. इब्न सीरीन यांच्यापुढचा माणूस मात्र अनुपस्थित माणसावर, सुरक्षित बैठकीत तोंडसुख घेत होता. शब्द कदाचित सारखेच असतील.

आपल्या घरातील मुले दस्तरख्वानावर बसून हे सारे ऐकत असतात. जुल्म म्हणजे काय, हे ती पुस्तकातून नंतर शिकतील. आधी ती शिकतात ती आपल्या ‘ते’ आणि ‘तो’ यांतून. एखाद्या देशातील मशिदीवर बॉम्ब पडला की बापाचा आवाज चढतो, आणि दुसऱ्या देशातील मशिदीवर बॉम्ब टाकणारा ‘आपला’ असला की बाप चॅनेल बदलतो. येमेन, सीरिया, सुदान येथील बातम्यांनी गेल्या दशकभरात आपल्या घरांत हेच करून दाखवले आहे. मरणारा शिया की सुन्नी, मारणारा अरब की तुर्क की इराणी, हे पाहून अश्रूंचे माप ठरते. मुलाच्या हे लक्षात येत नाही, असे समजू नये. तो विचारत नाही, एवढेच.

सद्दाम हुसैन यांना 30 डिसेंबर 2006 च्या पहाटे, ईदुल अज्हाच्या दिवशी फाशी देण्यात आले. शिक्षा झाली ती 1982 च्या दुजैल प्रकरणातील 148 शिया पुरुषांच्या हत्येबद्दल. कुणीतरी मोबाईलवर टिपलेल्या चित्रफितीत फाशीच्या तख्ताजवळ त्यांना डिवचणाऱ्यांच्या घोषणा ऐकू येतात, आणि त्या चित्रफितीने ते पुन्हा एकदा अनेकांचे नायक झाले. एका माणसाच्या शेवटच्या क्षणी त्याची विटंबना करणारेही, कालपर्यंत अत्याचारग्रस्तांच्या बाजूचे म्हणवणारेच होते.

त्या वेळी बगदादमध्ये दुसरा खटला सुरू होता, अन्फालचा. ऑगस्ट 2006 पासून कुर्द खेड्यांतील स्त्री-पुरुष न्यायालयात येत होते आणि आपल्या गावावर आलेला वायू, न परतलेले भाऊ, वाळवंटातील खड्डे यांविषयी त्या राज्यकर्त्यासमोरच सांगत होते. अठरा वर्षे त्यांचे कोणी ऐकले नव्हते. फाशीनंतर, जानेवारी 2007 मध्ये न्यायालय पुन्हा बसले, तेव्हा सद्दाम हुसैन यांच्यावरील आरोप मृत्यूमुळे रद्द करण्यात आले. बाकीच्या आरोपींवरील कामकाज पुढे चालू राहिले, आणि त्यांच्या रिकाम्या जागेसमोर पुढचा पुरावा मांडला जाऊ लागला.